मधल्याचं देणं

आमच्या नातेवाइकांत माझी ओळख करून देताना एक वाक्य अजूनही हमखास येतं, "हिनं भावाला जीवदान दिलं." लहानपणी ते ऐकून बरं वाटायचं. आता ऐकलं की बोलणाऱ्याला थांबवावंसं वाटतं, कारण हिशेब उलटा आहे. मी जे दिलं ते थोडं होतं आणि माझ्या शरीरानं ते काही आठवड्यांत भरून काढलं. मला जे मिळालं ते अजून फिटलेलं नाही. कोणाकोणाकडून मिळालं ते एकदा नीट लिहून ठेवायचं आहे.

आम्ही सोलापूरचे. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होते, आई घरी विड्या वळायची. मी थोरली. माझ्या पाठीवर एक भाऊ झाला, तो सहाव्या महिन्यात गेला. त्यानंतर दुसरा झाला, त्याला आम्ही धाकटा म्हणतो. मधल्याचा उल्लेख घरात होत नसे. बारसं झालेलं असलं तरी तान्हेपणी गेलेल्या मुलाचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. "मुलं किती?" असं कुणी विचारलं की आई दोन सांगायची. मीही शाळेत एकच भाऊ सांगत होते.

धाकटा पहिले दोन महिने चांगला बाळसेदार होता. मग त्याच्या तोंडात पांढरा थर धरला, तो औषधानं जाईना. जुलाब सुरू झाले, वजन वाढायचं थांबलं, खोकला कधी पुरता गेलाच नाही. जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचली होती, ती जागा चिघळली आणि काखेत गाठ आली. मधल्याचंही साधारण असंच झालं होतं. आईच्या डोळ्यांत ते दिसत होतं, पण ती बोलत नव्हती.

धाकट्याला ज्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, त्यांनी औषध लिहिण्याआधी एक प्रश्न विचारला, "घरात असं आणखी कुणाचं मूल गेलंय का?" आईनं खाली मान घालून मधल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी पुढे विचारलं, "तुमच्या माहेरी?" आईला काही माहीत नव्हतं. तेव्हा मागे बाकावर बसलेली आजी, आईची आई, बोलली. "माझे दोन गेले, हिच्या आधीचे. माझ्या बहिणीचा एक गेला. आमच्यात पोरगे जातात, पोरी राहतात."

मी तिथे होते. त्या बोलण्याचं वजन मला कळलं नाही, पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं ते आठवतं. आजीनं ही गोष्ट चाळीस-एक वर्षं कुणाला सांगितली नव्हती. सासरी तिला त्यावरून खूप ऐकावं लागलं होतं. कुणी कूस वाईट म्हटलं, कुणी करणी म्हटलं. ज्या गोष्टीनं तिला आयुष्यभर खाली पाहायला लावलं, ती तिनं एका परक्या माणसासमोर उघड केली म्हणून धाकट्याचं निदान झालं. माझ्यावरचं पहिलं ऋण तिचं आहे.

डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला. तान्ह्या बाळाच्या छातीत हृदयाच्या वरच्या बाजूला थायमस ग्रंथीची सावली दिसायला हवी, ती धाकट्याच्या फिल्मवर नव्हती. मग रक्ताची एक नळी मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत पोहोचवायची होती, तीही ताजी असताना. वडील ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेले. बर्फात ठेवायची नाही, असं त्यांना चार वेळा बजावलं होतं, कारण तपासायच्या पेशी जिवंत राहायला हव्या होत्या. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी जवळजवळ शून्य होत्या आणि एनके पेशीही नव्हत्या. बी पेशी होत्या, पण टी पेशींच्या मदतीशिवाय त्यांचा उपयोग नसतो. आजाराचं नाव सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी, डॉक्टर लोक त्याला नुसतं 'स्किड' म्हणतात. जंतूंशी लढणारी सेनाच जन्मतः नसलेली ही बाळं उपचाराशिवाय बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षातच जातात. बीसीजीमध्ये क्षयाच्या जंतूचा जिवंत पण कमजोर केलेला भाऊबंद असतो. निरोगी बाळाला तो काही करत नाही, उलट क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवतो. धाकट्याच्या अंगात मात्र तोच पसरत चालला होता.

उपाय एकच होता. दुसऱ्या निरोगी माणसाच्या हाडातल्या मगजातल्या मूळ पेशी त्याला द्यायच्या, म्हणजे त्यांच्यापासून त्याच्या शरीरात नव्या टी पेशी तयार होतील. ऊतींची जुळणी, ज्याला एचएलए म्हणतात, ती सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात भावंड एकच होतं, मी. माझं रक्त जुळलं.

त्यासाठी वेल्लोरच्या रुग्णालयात जायचं ठरलं. पैसे कसे उभे राहिले हे मला पुढे कळलं. पंतप्रधान निधी, मुख्यमंत्री निधी, सिद्धिविनायकाचा न्यास यांच्याकडे अर्ज झाले. कारखान्यातल्या कामगारांनी एका पगारातून वर्गणी काढली. आईबरोबर विड्या वळणाऱ्या बायकांनी भिशीचा नंबर आईला दिला. यातल्या बहुतेकांची नावं मला ठाऊक नाहीत. रेशनवर संसार चालवणारी ती माणसं होती.

काटपाडी स्टेशनवर उतरलो तेव्हा भाषा कळत नव्हती. रुग्णालयासमोरच्या लॉजमध्ये एक खोली, तिच्यात रॉकेलचा स्टोव्ह. आजूबाजूला बंगाल, झारखंड, ईशान्येकडची कुटुंबं, सगळी कुणा ना कुणाच्या आजारासाठी आलेली. मी नऊ वर्षांची होते आणि भेदरलेली होते. माझी समजूत अशी होती की माझ्या हाडातलं सगळं काढून धाकट्याला देणार आणि मी पोकळ होणार. हे मी कुणाला बोलले नव्हते. वॉर्डातल्या एका सिस्टरनं ते ओळखलं. त्या केरळच्या होत्या, हिंदी मोडकंतोडकं. आईवडील बाहेर गेल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या की लागेल तेवढंच थोडं घेणार, ते परत तयार होतं, आणि नको वाटत असेल तर तू नाही म्हणू शकतेस, मी डॉक्टरांना सांगेन, तुला कुणी रागावणार नाही.

मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. घरच्यांचा दोष नाही, एक मूल जाऊन दुसरं मरणाच्या दारात असताना थोरलीला काय विचारायचं, हे कुणाला सुचणार? पण त्या सिस्टरनं विचारलं म्हणून मी 'हो' म्हणू शकले. नाहीतर ते माझ्याकडून घेतलं गेलं असतं, मी दिलं असं झालं नसतं. पुढे आयुष्यात दुसऱ्याच्या शरीराला हात लावण्याआधी त्याला विचारायचं असतं, ही शिकवण मला त्यांच्याकडून मिळाली. आज रक्त घ्यायला आलेल्या चार वर्षांच्या मुलालाही मी आधी विचारते.

मला भूल दिली आणि कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढला. जाग आली तेव्हा पाठ दुखत होती, काही दिवसांनी तेही थांबलं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तिकडे धाकट्याला तो मगज शिरेतून रक्ताच्या पिशवीसारखा चढवला. काचेपलीकडे आई मास्क लावून बसलेली. शस्त्रक्रिया होईल, टाके असतील असं मला वाटलं होतं, पण तसं काहीच दिसलं नाही. पेशी रक्तातून आपल्या आपण हाडापर्यंत पोहोचतात. पूर्ण जुळणारं भावंड असेल तर स्किडच्या बाळाला पुष्कळदा आधी केमोथेरपीही द्यावी लागत नाही, कारण परकी पेशी नाकारायला लागणारी ताकदच त्याच्याकडे नसते. ज्या उणिवेनं त्याला मारत आणलं होतं, तिनंच माझ्या पेशींना वाट दिली.

मग सगळं वाट पाहणं. तिथल्या कुटुंबांत सकाळी एकमेकांना एकच विचारतात, "काउंट किती आले?" धाकट्याचे काउंट वाढू लागले तसा त्याला ताप भरला आणि दंडावरची बीसीजीची जागा पुन्हा लाल झाली. आई घाबरली. डॉक्टरांनी सांगितलं की नव्यानं आलेल्या पेशींना पहिल्यांदाच तो जंतू दिसला आहे आणि त्या त्याच्यावर तुटून पडल्या आहेत. क्षयाची औषधं पुढेही बरेच महिने चालली. आम्ही घरी परतलो तेव्हा धाकटा बसायला लागला होता.

यानंतरची काही वर्षं मी स्वतःला देणारी समजत होते. घरातही तसंच वागवत. धाकट्याशी भांडण झालं की मी म्हणे, माझ्यामुळे आहेस. तो निमूट ऐकून घेई.

बारावीनंतर मी डीएमएलटीला, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेला, प्रवेश घेतला. डॉक्टर होण्याइतके गुण नव्हते आणि पैसेही नव्हते, पण त्या नळीत काय पाहिलं असेल याचं कुतूहल मनात राहिलं होतं. तिथे रक्तपेशी मोजायला शिकले. पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा आणि त्यांच्या प्रकारांची टक्केवारी वेगवेगळी लिहितात. दोन्ही गुणल्याशिवाय एखाद्या प्रकाराच्या पेशी खऱ्या किती आहेत हे कळत नाही. लिम्फोसाइट, म्हणजे टी, बी आणि एनके पेशींचा गट, मोठ्या माणसात कमी टक्के असतात, तान्ह्या बाळात मात्र त्यांचंच राज्य असतं. बाळाचा लिम्फोसाइटचा निव्वळ आकडा तीन हजारांच्या खाली असेल तर विचार करायला हवा, असं बाईंनी शिकवलं.

त्या सुट्टीत आईच्या पत्र्याच्या पेटीत धाकट्याची कागदपत्रं शोधत असताना मला मधल्याचा रिपोर्ट सापडला. आईनं तो एका टोपड्याबरोबर ठेवला होता. एकूण पांढऱ्या पेशी 6200, लिम्फोसाइट 9 टक्के. एकूण आकडा बघून कुणालाही काही वाटलं नसतं. मी गुणाकार केला, 558 आले.

तो कागद हातात घेऊन मी किती वेळ बसले होते माहीत नाही. उत्तर त्याच्या रक्तात लिहिलेलं होतं, फक्त गुणाकार राहिला होता. ज्यांनी त्याला तपासलं त्यांना मी दोष देत नाही. हा आजार इतका विरळा आहे की कित्येक डॉक्टरांच्या उभ्या कारकिर्दीत तो समोर येत नाही. पण धाकटा वाचला तो माझ्या मगजानं, ही समजूत त्या दिवशी गळून पडली. माझा मगज कामी आला तो निदान वेळेवर झालं म्हणून. निदान झालं ते मधला गेला होता म्हणून, आणि आजीचे दोघे गेले होते म्हणून. तीन बाळांनी जीव देऊन एक खूण मागे ठेवली होती. मी चौथ्यासाठी चमचाभर काही दिलं, आणि जीवदानाचं श्रेय मला मिळत राहिलं.

तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचू लागले. 1968 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किडच्या एका बाळाला त्याच्या बहिणीचा मगज दिला. जुळं नसलेल्या दात्याकडून झालेल्या पहिल्या यशस्वी मगज-प्रत्यारोपणांत त्याची नोंद आहे. त्या घराण्यातही आधी मुलगेच तान्हेपणी गेले होते. पहिल्या खेपेनंतर बाळाचं स्वतःचं रक्त तयार होणं थांबलं, तेव्हा त्याच बहिणीनं पुन्हा मगज दिला आणि मुलगा जगला. आपल्या आजीसारखी कुणी तिकडेही असणार, जिनं गेलेल्या मुलग्यांचा हिशेब ठेवला, असं वाचताना सारखं वाटत होतं.

टेक्सासच्या डेव्हिड व्हेटरची गोष्ट मला जास्त लागली. तो 1971 साली जन्मला. त्याच्या आधीचा भाऊ याच आजारानं गेला होता, त्यामुळे डेव्हिडला जन्मल्या क्षणापासून प्लास्टिकच्या निर्जंतुक कक्षात ठेवलं. बहीण होती, पण तिची जुळणी पूर्ण नव्हती. बारा वर्षं तो त्या कक्षात वाढला. अर्ध्या जुळणीचा मगज वापरण्याची पद्धत निघाल्यावर 1983 मध्ये त्याला बहिणीचा मगज दिला. त्यात एपस्टाइन-बार नावाचा विषाणू दडलेला होता, तो तेव्हाच्या तपासणीत सापडला नव्हता. त्यातून कर्करोग होऊन फेब्रुवारी 1984 मध्ये डेव्हिड गेला. त्या बहिणीनं माझ्याइतकंच दिलं होतं. फरक एवढाच की माझी जुळणी पूर्ण झाली आणि तोवर डॉक्टर डेव्हिडकडून पुष्कळ शिकले होते. यात माझं कर्तृत्व कुठे आहे?

धाकट्याचं पुढचं आयुष्य पूर्ण निर्धोक आहे असंही नाही. त्याच्या टी पेशी माझ्या आहेत. मुलाच्या रक्तात मुलीची गुणसूत्रं दिसतात, यावरूनच तपासताना ते कळतं. बी पेशी मात्र त्याच्या स्वतःच्या राहिल्या आणि त्या पुरेसं काम करत नाहीत. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी त्याला शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन घ्यावं लागतं. त्या एका बाटलीत हजारो माणसांच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं एकत्र केलेली असतात. दर महिन्याला हजारो अनोळखी माणसं आमच्या धाकट्याला थोडी थोडी आपली ताकद देतात. त्यांचं देणं कुठे फेडायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. मी नियमानं रक्तदान करते, तेवढंच.

लग्नाचं बघू लागले तेव्हा प्रश्न माझ्यापर्यंत आला. हा आजार एक्स गुणसूत्रावरच्या दोषानं होतो आणि आईकडून तो दोष मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. बायकांना एक्स गुणसूत्रं दोन असतात, एक बिघडलेलं असलं तरी दुसरं सांभाळून घेतं. मुलग्याकडे एकच असतं. आजीचं 'पोरगे जातात, पोरी राहतात' हे याचंच वर्णन होतं. या आजाराला कारण असलेलं जनुक शास्त्रज्ञांना 1993 साली सापडलं, आजीनं ते कितीतरी आधी आपल्या परीनं ओळखलं होतं. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीमध्ये आमची तपासणी झाली. धाकट्याच्या रक्तात माझ्या पेशी असल्यानं त्याच्या गालाच्या आतल्या पेशीही घेतल्या. मी वाहक निघाले.

ज्यांच्याशी लग्न ठरत होतं त्यांना मी हे आधी सांगितलं. आजीनं चाळीस वर्षं जे लपवलं ते मला पहिल्या भेटीत सांगता आलं, कारण माझ्या हातात कारण लिहिलेला कागद होता. आजीकडे तो नव्हता. त्यांनी एकच विचारलं, "मग आपण काय काय करायचं?" मी दिवस राहिल्यावर तिसऱ्या महिन्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी कायद्याप्रमाणे मुलगा की मुलगी हे सांगितलं नाही, आजार नाही एवढंच सांगितलं. मुलगा झाला. तरीही त्याची बीसीजी आणि पोलिओचे थेंब आम्ही डॉक्टरांना सांगून थांबवून ठेवले, नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट आला, पेशी पुरेशा होत्या, मग सगळ्या लसी दिल्या. आजीनं पणतूच्या दंडावरची बीसीजीची खूण बघितली. मधल्याचं नाव आम्ही आता घरात घेतो. आईला कुणी विचारलं तर ती तीन मुलं सांगते.

मी आज सोलापुरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. तान्ह्या बाळाचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, आला की लिम्फोसाइटचा निव्वळ आकडा पाहते. कमी वाटला तर काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरते आणि डॉक्टरांना फोन करते. बहुतेक वेळा साध्या तापामुळे तो उतरलेला असतो आणि पुढच्या खेपेला सुधारतो. तरी मी फोन करते.

काळ बदलला आहे. अमेरिकेत 2008 पासून विस्कॉन्सिन राज्यात नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्तावरून स्किडची तपासणी सुरू झाली आणि 2018 पर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. तिकडे 240 बाळांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांपैकी 94 टक्के बाळं पाच वर्षांनी जिवंत होती. आपल्याकडे सगळ्या बाळांची अशी तपासणी होत नाही. मात्र पूर्ण जुळणारं भावंड नसलं तरी आता आईचा किंवा वडिलांचा अर्धा जुळणारा मगज देता येतो. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात स्किडचा समावेश आहे, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे, आणि 2022 पासून मदतीची मर्यादा 50 लाखांपर्यंत वाढवली आहे. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं, होती ती विड्या वळणाऱ्या बायकांची भिशी.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात, विशेषतः आईच्या माहेरी, कुणाची बाळं वारंवारच्या संसर्गानं तान्हेपणी गेली असतील तर ती गोष्ट झाकून ठेवू नका. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, कोण गेलं, कितव्या महिन्यात, मुलगा की मुलगी, आणि ते लिहून ठेवा. पुढचं बाळ जन्मायच्या आधीच तो कागद डॉक्टरांना दाखवा. बीसीजी, पोलिओचे थेंब, रोटाची लस या जिवंत लसी अशा बाळाला रक्ताचा रिपोर्ट बघूनच द्यायच्या असतात, आणि रक्त द्यायची वेळ आली तर ते किरणांची प्रक्रिया केलेलंच (इरॅडिएटेड) मागायचं असतं. ज्या घरात असं काही घडलेलं नाही, तिथे सगळ्या लसी वेळेवर द्या. बाळाचा सीबीसी केला असेल तर लिम्फोसाइटची टक्केवारी आणि एकूण आकडा यांचा गुणाकार करून घ्या, किंवा प्रयोगशाळेत विचारा. कुणीही करून देईल.